कुर्डुवाडी ते तेर : एका दिवसाची सहल
(कुर्डुवाडी येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शालेय सहलीचे महत्त्व आपणांस मी समजावून सांगावे, हे सुताराला रंधा धरावयास शिकविण्यासारखे होईल. म्हणून ते बाजूला ठेवतो आणि एका ठरावीक सहलीविषयीच बोलतो. ती सहल कुर्डुवाडीपासून तेरपर्यंतची. सकाळी निघून रात्री मुले आपापल्या घरी पोचतील एवढीच ती लांब आहे. आपल्या भागातील बौद्ध परंपरेची स्थळे मुलांना दाखवावयाची हा तिचा हेतू.

‘बौद्ध स्थळे’ असे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा येतो, वेरूळ येते, फार तर कार्ले आणि भाजे येतात. ही सगळी आपल्यापासून दूर. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील खेड्यातल्या मुलाला अजिंठा दाखवावयाचा तर मुक्काम आला, खर्च आला, आणि ज्या पालकांना तो खर्च झेपत नाही त्यांची मुले मागे राहिली. परिणामी पाठ्यपुस्तकातील चैत्यगृहाचे चित्र चित्रच राहते. तथापि एक प्राचीन, विटांनी बांधलेले, अजून उभे असलेले गजपृष्ठाकार देवालय आपल्या लोहमार्गावरच आहे. त्याच्या आवारात रोज घंटा वाजते, फुले वाहिली जातात. मात्र त्याचा इतिहास बहुधा कोणी विचारीत नाही.

प्रथम वाटेविषयी. कुर्डुवाडीच्या मुलांना रेल्वे नवी नाही. पुष्कळांचे आजोबा-पणजोबा येथल्या रेल्वे कारखान्यात कामाला होते. तरी ह्या लोहमार्गाची हकिकत फार थोड्या मुलांना ठाऊक असते. आपल्या स्टेशनाचे जुने नाव ‘बार्शी रोड’. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा मार्ग बार्शीच्या पेठेला टाळून गेला होता, आणि बार्शीचा कापूस बैलगाड्यांनी येथवर आणावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग येथून बार्शीपर्यंत घातला. अंतर सुमारे एकवीस मैल. सन १८९७ मध्ये तो सुरू झाला. पुढे १९०६ साली एक फाटा पंढरपूरला गेला आणि १९११ पर्यंत दुसरा टोकाला लातूरला पोचला. १९२७ मध्ये पंढरपूरचा मार्ग मिरजेपर्यंत वाढला. कापूस आणि वारकरी, ह्या दोहोंच्या भाड्यावर ही छोटी गाडी चालली. १९५४ साली ती सरकारने घेतली. लातूरच्या बाजूचे रुंदीकरण २००८ पर्यंत पुरे झाले, आणि त्यात मार्ग थोडा वळवून धाराशिव शहर, म्हणजे पूर्वीचे उस्मानाबाद, त्यावर घेण्यात आले. मार्ग बदलला, तरी तेरचे स्टेशन राहिले.

गाडी बार्शी सोडून येडशीकडे निघाली की मुलांना खिडकीबाहेर पाहावयास सांगावे. येथे बालाघाटच्या डोंगराची चढण लागते. कुर्डुवाडीच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी सीना-भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जातो. बार्शीची भोगावतीही सीनेलाच मिळते. येडशीचा डोंगर ओलांडला की पाणी दुसऱ्या दिशेला वाहू लागते. तेरची तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. एका सकाळच्या प्रवासात आपण कृष्णेच्या खोऱ्यातून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो. भूगोलाच्या तासाला ‘जलविभाजक’ हा शब्द आपण चार वेळा फळ्यावर लिहितो. येथे तो डोळ्यांनी दिसतो.

बार्शीला उतरू नये. भगवंताचे देऊळ पाहण्याजोगे आहे, पण ते दुसऱ्या सहलीसाठी राखावे. एका दिवसात चार गावे दाखविली तर मुलांना एकही धड आठवत नाही.

आता तेर. ह्या गावाच्या नावापासूनच आरंभ करावा, कारण नाव हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना पुरावा असतो. ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ नावाचे एक ग्रीक पुस्तक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, मिसर देशात राहणाऱ्या कोणा दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेले. कोणत्या बंदरात काय विकते आणि काय मिळते, ह्याची ती एक टिपणवहीच आहे. तीत भरुच बंदराविषयी लिहिताना तो म्हणतो की दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तगराहून साधे कापड, मलमल आणि इतर तऱ्हेचे कापड गाड्यांत भरून, बिकट वाटांनी, भरुचला येते, असेही तो सांगतो. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव आहे. पुढे शिलाहार राजे आपणास ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. म्हणजे त्या नगराचा लौकिक कित्येक शतके टिकला.

हे तगर कोणते, ह्यावर विद्वानांचा पुष्कळ काळ वाद चालला. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. सन १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट ह्यांनी तगर म्हणजेच तेर असे साधार मांडले आणि ते आता सर्वमान्य आहे. येथे मुलांना भाषेची एक गंमत सांगता येते. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. ‘नगर’चे ‘नयर’ होते आणि मग ‘नेर’. अमळनेर, पारनेर, संगमनेर ही नावे अशी झाली, आणि आपल्या तालुक्यातले पिंपळनेर तर मुलांच्या पायाखालचे आहे. त्याच रीतीने ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तयर’चे ‘तेर’. पाचवीच्या मुलाला हे सांगून पाहा. तो लगेच आणखी दहा गावांची नावे मोडून दाखवील. त्यांतली सहा चुकीची असतील, पण चार बरोबर निघतील.

गणिताचाही एक धडा ह्यातच आहे. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. दहा दिवसांची वाट म्हटली तर दिवसाला पंधरा किलोमीटर. भरलेल्या बैलगाडीची हीच चाल. आणि नकाशावर पाहिले तर तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी व्यापाऱ्याने ऐकीव माहितीवर दिशा थोडी चुकविली, अंतर मात्र जमविले. मुलांना हा शोध स्वतः लावू द्यावा. आपण आधी सांगू नये.

गावात त्रिविक्रमाचे देऊळ आहे. आपल्या सहलीचे मुख्य स्थळ हेच. समोरून पाहिले तर सपाट छताचा मंडप दिसतो आणि मुले म्हणतात, ह्यात काय आहे? तेव्हा त्यांना मंडपातून आत न नेता प्रथम देवळाच्या मागल्या बाजूला न्यावे. मागची भिंत चौकोनी नाही. ती अर्धगोल वळली आहे, आणि तिच्यावरचे छप्पर बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखे गोलाईने उतरले आहे. म्हणूनच ह्या आकाराला गजपृष्ठाकार म्हणतात. ज्या मुलांनी हत्ती जवळून पाहिलेला नाही त्यांना बैलगाडीवर बांधलेले कमानदार तट्टे आठवावयास सांगावे, आकार तोच. आणि ही उपमा केवळ सोयीची नाही. ह्या तऱ्हेच्या इमारतींचे मूळ वाकविलेल्या बांबूंच्या आणि लाकडी कमानींच्या छपरांतच आहे. भाजे, कार्ले येथे कारागिरांनी तेच लाकडी घर डोंगर कोरून दगडात उतरविले. तेरच्या गवंड्यांनी ते विटांवर विटा रचून उभे केले. डोंगरातील लेणे कोरले की ते सहसा पडत नाही. विटांचे घर ऊनपावसात टिकविणे कठीण. देशात अशा बांधीव गजपृष्ठ इमारती एके काळी पुष्कळ असल्या पाहिजेत, पण त्यांपैकी छपरासह उभ्या राहिलेल्या अगदी मोजक्या. आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर ही तिची एक बहीण. हेन्री कझिन्स ह्यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तेरच्या ह्या वास्तूचे वर्णन केले आणि ती अभ्यासकांच्या नजरेस आली.

मागची बाजू पाहून झाल्यावर समोर यावे आणि दर्शनी भागावर वरती असलेली घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान दाखवावी. हेच चैत्यगवाक्ष. पाठ्यपुस्तकातील कार्ल्याच्या लेण्याचे चित्र बरोबर नेले असेल तर मुले आपणहून दोहोंतील साम्य ओळखतात. मग मंडपातून आत जावे. मंडप मागाहून जोडलेला आहे. आत जेथे चैत्यगृहात स्तूप असतो त्या जागी त्रिविक्रमाची मूर्ती आहे. विष्णूने पाऊल उचलले आहे, बळीची कथा आहे. कथा मुलांना ठाऊक असतेच.

एका सहलीत, येथेच, मूर्तीसमोर उभ्या असलेल्या पाचवीच्या एका मुलाने मोठ्याने विचारले, “गुरुजी, हे बुद्धांचं होतं म्हणता, मग बुद्ध कुठं गेले?” क्षणभर कोणी बोलेना. बरोबरच्या एका शिक्षकांनी त्या मुलाला डोळ्यांनीच दटावले. दर्शनाला आलेली गावातील एक म्हातारी बाई तेवढ्यात म्हणाली, “जातील कुठं बाबा? इथंच असतील की.” मुले हसली आणि प्रसंग टळला.

म्हातारीचे उत्तर मला आवडले. तथापि ते भक्ताचे उत्तर आहे. शिक्षकाला त्यावर थांबता येत नाही. मुलाने इतिहास विचारला होता, आणि इतिहासाचे उत्तर द्यावयाचे तर आपणांस दोन क्रियापदे काटेकोरपणे वापरावी लागतात, ‘आहे’ आणि ‘असावे’. तेरला बौद्धांची वस्ती होती, हे ‘आहे’च्या कोटीतले. गावाभोवतीच्या टेकाडांत १९५८ साली चापेकर ह्यांनी उत्खनन केले. पुढे १९६० नंतरच्या दशकात राज्य शासनाच्या वतीने आणखी खणले गेले, तेव्हा विटांचा एक स्तूप हाती लागला. त्याच्या पायाची रचना गाडीच्या चाकासारखी, मध्यापासून आऱ्या निघाव्यात तशी आहे. आऱ्यांमधल्या पोकळीत माती भरून वर घुमट उचलावयाचा, म्हणजे विटा कमी लागतात आणि भार सगळीकडे वाटला जातो. चाक हे धम्माचे चिन्ह, हा अर्थही त्या बांधणाऱ्यांच्या मनात असू शकेल. परंतु त्रिविक्रमाचे देऊळ हे मूळचे बौद्ध चैत्यगृह, हे मात्र ‘असावे’च्या कोटीतले. बहुतेक विद्वानांचे मत तसे आहे. त्याचा काळ कोणी दुसरे-तिसरे शतक मानतात, कोणी पाचवे. काही अभ्यासक असेही दाखवून देतात की गजपृष्ठाकार ही केवळ बौद्धांची मिरास नव्हती, इतर पंथांची देवळेही त्या आकाराची होत. म्हणून आकार पाहून एकदम निकाल देता येत नाही.

एवढे सांगितले की मुलाचा प्रश्न अधिक अवघड होतो, सोपा नव्हे. बौद्ध वास्तू असेल तर ती वैष्णव कशी झाली? ह्याविषयी आपल्याकडे दोन तयार उत्तरे फिरत असतात. एक म्हणते, कोणी बळजबरीने बळकावली. दुसरे म्हणते, असे काही झालेच नाही, ती पहिल्यापासून आमचीच. दोन्ही उत्तरे मोठ्या आवाजात दिली जातात. तेरच्या बाबतीत यांपैकी एकालाही पुरेसा आधार नाही. जे ठाऊक आहे ते असे: तिसऱ्या शतकाच्या आसपास सातवाहनांची सत्ता संपली, रोमन जगाशी चालणारा व्यापार उतरणीला लागला, आणि विहारांना दान देणारे व्यापारी व कारागिरांच्या श्रेणी यांची स्थिती बदलली. भिक्षूंचा विहार हा गृहस्थांच्या दानावर चालतो. दाते गेले की दिवा लावणारेही कमी होतात. पुढच्या शतकांत लोकांची उपासना बदलली. मजबूत बांधलेली वास्तू कोणी मोडत नाही. तिच्यात नव्या देवाची स्थापना होते. तेरला असे घडले असावे. पुन्हा ‘असावे’ म्हणतो. आणि एक गोष्ट निश्चित म्हणता येते की त्या वास्तूत पूजा चालू राहिली नसती, कोणी छप्पर शाकारले नसते, चुना दिला नसता, तर आज दाखवावयाला काही उरले नसते. स्तूपाचे तेच झाले. तो मातीखाली गेला.

मुलाला हे सगळे त्या जागीच सांगावे असे मी म्हणत नाही. “नक्की कुणालाच ठाऊक नाही, पण काय झालं असेल ते आपण पुराव्यावरून शोधू” एवढे सांगितले तरी चालते. दटावू मात्र नये. प्रश्न विचारणारा मुलगा बौद्ध वस्तीतला असो किंवा वारकऱ्याच्या घरातला, दटावल्याचा अर्थ तो आपापल्या परीने लावतो आणि तो अर्थ घेऊन घरी जातो.

देवळानंतर वस्तुसंग्रहालय. कै. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. पावसाळ्यात टेकाडांवरून वाहून येणाऱ्या, शेतकऱ्यांच्या नांगराला लागणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यांचा तो हजारो वस्तूंचा संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. पदवीधर संशोधक येण्यापूर्वी एका गावकऱ्याने हे काम आरंभिले, ही गोष्ट खेड्यातल्या मुलांना आवर्जून सांगावी. संग्रहालयात मुलांना मोकळे सोडले की ती गोंधळतात. म्हणून प्रत्येक गटाला तीनच वस्तू शोधावयास द्याव्यात. पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत दाबून काढलेल्या मूर्ती ही पहिली. त्यांतील स्त्रियांची केशरचना आणि दागिने मुलींना फार आवडतात. दुसरी, रोमन बनावटीशी नाते सांगणाऱ्या खापराच्या वस्तू. आणि तिसरी, हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. ती वीतभरही उंच नाही. तिच्यासारखीच एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली. पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्या वर्षापूर्वीच आपल्या बाजूच्या कारागिराच्या हातची, किंवा त्याच वळणाची, एक मूर्ती समुद्र ओलांडून तेथे पोचली होती. पेरिप्लसमधील कापडाच्या गाड्या मुलांना कदाचित गोष्टीसारख्या वाटतील. ही मूर्ती पाहिल्यावर तसे वाटत नाही.

तेर हे मातीचे गाव आहे. स्तूप विटांचा, देऊळ विटांचे, मूर्ती मातीच्या, आणि गावचा संत कुंभार. गोरोबाकाकांची समाधी तेरणेच्या काठी आहे आणि तेथे गेल्यावाचून आपली मुले परत फिरणार नाहीत, फिरूही नयेत. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात कोणाचे मडके कच्चे हे थापटण्याने पारखणारा हा वडीलधारा. मुलांना ती कथा पाठ असते. येथे विटांविषयी एक प्रयोगही करता येतो. तेरच्या जुन्या विटांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात, असे गावकरी सांगतात. मातीत धान्याचा तूस-भुसा मिसळून वीट भाजली की तो जळून जातो आणि वीट सच्छिद्र होते. शाळेत परतल्यावर मुलांकडून दोन लहान विटा करवून घ्याव्यात, एक नुसत्या मातीची, एक भुसा मिसळलेली. गावच्या कुंभाराच्या आव्यात त्या भाजून घ्याव्यात आणि तोलून पाहाव्यात. तरंगली नाही तरी वजनातला फरक कळतो.

टेकाडांवर मुलांना नेले तर एक गोष्ट सक्तीने पाळावी. खापराचा तुकडा, मणी, काहीही खिशात घालू देऊ नये. लामतुऱ्यांचा काळ वेगळा होता. १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तूंविषयी कडक निर्बंध घातले आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागेवरून हललेला तुकडा मुका होतो. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी तो होता हेच त्याचे बोलणे असते.

धाराशिवच्या लेण्यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. शहराजवळच्या डोंगरात ती आहेत. आज तेथे जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, आणि ती मूळची बौद्ध असून पुढे जैन झाली असे एक मत आहे. करकंडू राजाची कथा ह्या लेण्यांशी जोडलेली असून ‘करकंडचरिउ’ ह्या अपभ्रंश काव्यात ती येते. एस.टी.ची स्वतंत्र गाडी ठरविली असेल आणि मुले सातवी-आठवीची असतील तरच हा टप्पा घ्यावा. लहान मुलांचे पाय तोवर दमलेले असतात.

आता परतीचा टप्पा. माझ्या मते ह्या सहलीत त्रिविक्रमाइकताच तोही महत्त्वाचा आहे. तेरला जे पाहिले ते दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर आपल्या खेड्यापाड्यांतून विहार उभे राहिले. त्याआधी २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथील विहारात त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली होती. ह्या बाजूलाही त्यांचे पाय लागले आहेत. तेरच्याच परिसरातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि तिला ते उपस्थित होते. म्हणजे ‘बुद्ध कुठे गेले’ ह्या प्रश्नाचे एक उत्तर मुलांच्या स्वतःच्या गावात आहे. बहुतेक वेळा ते शाळेपासून पाच मिनिटांच्या वाटेवर असते, आणि वर्गातली निम्मी मुले तेथे कधीही गेलेली नसतात.

आपण सहली काढतो त्या पंढरपूरच्या, तुळजापूरच्या, अक्कलकोटच्या. त्यांत वावगे काही नाही. मात्र गावातल्या विहारात शाळेची रांग गेली आहे, असे मी फारच थोड्या गावी पाहिले. म्हणून तेरहून परतताना, संध्याकाळी, आपल्याच गावच्या विहाराशी सहल थांबवावी. आधी वस्तीतील वडीलधाऱ्यांना, उपासिकांना भेटून वेळ विचारून ठेवावी. मुलांनी पादत्राणे बाहेर काढावीत, शांत बसावे. एकच साधे दालन असते, बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पाच रंगांच्या पट्ट्यांचा ध्वज. तेरच्या वास्तूशी त्याचा आकार जुळत नाही आणि जुळावा असा आग्रहही नसावा. वंदनेतील पाली शब्द मुलांनी ऐकावेत. सकाळी ‘नगर’चे ‘नेर’ करणारी मुले पालीतला ‘धम्म’ आणि संस्कृतातला ‘धर्म’ यांचे नाते संध्याकाळी सहज ओळखतात. वैशाख पौर्णिमेला काय असते, आषाढ पौर्णिमेला वर्षावास का सुरू होतो, हे तेथल्या मोठ्या माणसांनीच सांगावे.

एक दक्षता येथे घ्यावी. बौद्ध वस्तीतल्या मुलाला उभे करून “तू सांग, तुमच्यात काय असते” असे विचारू नये. तो आपल्या वर्गातला विद्यार्थी आहे, कोणाचा प्रतिनिधी नव्हे. त्रिविक्रमाच्या देवळात आपण वारकऱ्याच्या मुलाला असे उभे केले नव्हते.

कोणी शंका काढील की शाळेने हे करावे का? राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार केवळ शासनाच्या निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ते योग्यच आहे. आपण पूजा शिकवीत नाही, स्थळ दाखवितो. त्रिविक्रमापुढे, समाधीपुढे किंवा बुद्धमूर्तीपुढे ज्या मुलाने हात जोडले त्याला अडवू नये आणि ज्याने जोडले नाहीत त्याला सांगू नये. हा नियम तिन्ही ठिकाणी सारखा लावला की पालकांच्या तक्रारीला जागा उरत नाही. तरीही सहलीपूर्वीच्या पालकसभेत तिन्ही स्थळांची नावे स्पष्ट सांगावीत. मागाहून कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

व्यवस्थेच्या चार गोष्टी सांगून थांबतो. गाड्यांच्या वेळा बदलत असतात. त्या स्टेशनावर जाऊन त्याच आठवड्यात विचाराव्यात आणि परतीची गाडी सोयीची नसेल तर एस.टी. ठरवावी. चैत्रात जाऊ नये, चैत्र वद्यात गोरोबाकाकांची यात्रा भरते आणि ऊनही असह्य असते. मार्गशीर्ष-पौष उत्तम. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. दर पंधरा मुलांमागे एक शिक्षक, पाण्याची सोय, प्रथमोपचाराची पेटी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी ह्या गोष्टी आपणांस ठाऊकच आहेत. प्रत्येक मुलाकडे एक वही व पेन्सिल असावी, आणि त्रिविक्रमाच्या देवळाचे चित्र मागल्या बाजूनेच काढावयास सांगावे. समोरून काढलेली चित्रे सगळी एकमेकांसारखी होतात.